मंडईचा रस्ता, सोळा बाय वीस : एका अडकलेल्या अ‍ॅक्रिलिक चित्राचं प्रकरण

चित्र वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. माझ्या क्लासमधल्या एका काकूंनी काढलेलं, त्यांचा हात चांगला आहे, पर्स्पेक्टिव्ह पट्टी लावून नीट काढलेलं, मंडईच्या मनोऱ्याच्या खिडक्या मोजून बरोबर, हातगाडीवरच्या प्रत्येक टोमॅटोला स्वतःचा हायलाइट. पण कॅनव्हास ईझलवर ठेवून चार पावलं मागे आलं की सगळ्याचा मिळून एक करडा-तपकिरी गिचका दिसायचा आणि नजर कुठे थांबायचीच नाही. काकू वैतागून म्हणाल्या, "मॅडम, जितकं काम करतेय तितकं बिघडतंय, आता यात अजून काय घालू?" तर हे त्या एका चित्राचं प्रकरण, सविस्तर लिहितेय, कारण रस्त्याचं चित्र सोपं कसं करायचं हा प्रश्न क्लासमध्ये जवळजवळ प्रत्येकाला पडतो आणि 'डिटेल कमी करा' एवढं सांगून कुणाचंच भलं होत नाही.

कॅनव्हास १६ बाय २० इंच, उभा. रंग अ‍ॅक्रिलिक. विषय पुण्याची मंडई, म्हणजे मंडईकडे जाणारा रस्ता, एप्रिलमधली संध्याकाळ, डावीकडून तिरकं ऊन. त्यामुळे डाव्या बाजूच्या इमारती पूर्ण सावलीत, त्यांची सावली निम्म्याहून जास्त रस्त्यावर पसरलेली, उजवीकडच्या भिंतींवर झणझणीत ऊन, आणि टोकाला मनोरा. फोटो काकूंनी स्वतःच मोबाईलवर काढलेला. चित्र मुलाच्या नव्या घरी हॉलमध्ये लागणार होतं, म्हणजे बघणारा माणूस आठ-दहा फुटांवर बसलेला असणार. ही गोष्ट मी मुद्दाम विचारून घेते, कारण आठ-दहा फुटांवरून मिलिमीटरभराचं काम दिसत नाही, दिसतात ते फक्त मोठे आकार, आणि काकूंनी सगळा जीव ओतला होता तो नेमका त्या मिलिमीटरभराच्या कामात.

आता फोटोबद्दल, कारण अर्धं दुखणं तिथेच होतं. हल्लीचे मोबाईल फोटो काढताना एकाच क्लिकमध्ये कमी-जास्त एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतात, त्याला एचडीआर म्हणतात. त्याने होतं काय, की सावलीतला भाग उजळतो आणि उन्हातला भाग दबतो, म्हणजे दुकानाच्या आतल्या बरण्याही दिसतात आणि आकाशही पांढरं पडत नाही. फोटो म्हणून छानच आहे. पण प्रत्यक्ष त्या रस्त्यात उभं राहून मनोऱ्याकडे बघताना सावलीतल्या बरण्या कुणाला दिसत नाहीत हो, डोळ्याला तिथे एक गार निळसर अंधार जाणवतो आणि त्याच्या कडेला ऊन. काकूंनी फोटो इमानदारीने उतरवला, त्यामुळे चित्रात सावली आणि ऊन यांच्यातलं अंतरच गेलं. मी चित्राचा मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून त्यांना दाखवला. रंग काढल्यावर उन्हातली भिंत कुठली आणि सावलीतली कुठली ते सांगताच येईना. ते बघून काकू गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे ऊनच नाहीये यात."

दुसरं म्हणजे मोबाईलची नेहमीची लेन्स बऱ्यापैकी वाइड असते, त्यामुळे जवळचा रिकामा रस्ता पसरट आणि मोठा येतो आणि लांबचा मनोरा बापडा एवढासा. डोळ्याला तो मनोरा असा दिसत नाही, तो रस्त्यावर दबदबा ठेवून उभा असतो.

मी विचारलं, काकू, तुम्ही फोटो काढायला थांबलात ते काय बघून? आधी उत्तर आलं मनोरा. मग जरा वेळाने, फोटो झूम करत करत, "नाही, ती सावली संपते ना रस्त्यावर, तिथे एक बाई उभी होती भाजी निवडत, लाल साडी, अर्धी उन्हात अर्धी सावलीत, ते बघून थांबले." ती बाई फोटोत नखाएवढी होती आणि चित्रात तर नव्हतीच, तिच्या जागी पुढची स्कूटर आली होती, आरशासकट. ज्याच्यासाठी माणूस थांबला ते चित्रातून गळालं आणि बाकी सगळं आलं, असं फार होतं. यात आळस नाही, उलट जास्तीचा प्रामाणिकपणा आहे.

तर इथून पुढे जे केलं त्याचं सूत्र एकच : सोपं करायचं म्हणजे गोष्टी पुसत बसायचं नाही, गोष्टी एकमेकींना जोडायच्या. डाव्या इमारती, त्यांच्या खालची दुकानं, दारात उभ्या गाड्या, सावलीतली माणसं आणि रस्त्यावर पडलेली सावली, ही सगळी मिळून एक आकार. नावं वेगवेगळी असतील, टोन, म्हणजे गडद-फिकटपणा, एकच. उन्हातल्या भिंती आणि उन्हातला रस्ता मिळून दुसरा. आकाश तिसरा. मनोरा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी. बस. रस्त्याच्या चित्रात शंभर वस्तू असतात पण आकार तीन-चारच असतात, आणि ते तीन-चार सापडले की शंभरातल्या नव्वद वस्तू आपोआप विरघळतात, त्या काढून टाकायचा वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही.

हे ब्रशने करायचं नाही, पेन्सिलनेच करायचं. जुना कॅनव्हास बाजूला ठेवला, तो दुरुस्त करायच्या नादी लागलो नाही. ६बी पेन्सिल, दोन बाय अडीच इंचाची चौकट, प्रमाण कॅनव्हासचंच म्हणजे चारास पाच. उभा मोबाईल फोटो तिनास चार असतो, म्हणजे कॅनव्हासच्या मानाने जरा जास्त उंच, त्यामुळे खालचा रिकामा रस्ता तसाही कापावाच लागणार होता आणि ते बरंच झालं. डोळे बारीक करून फोटोकडे बघायचं, इतके की पापण्यांतून जेमतेम दिसेल, आणि फक्त तीन टोन भरायचे : गडद, मधला, कोरा कागद. काकूंच्या पहिल्या थंबनेलमध्ये, म्हणजे अशा छोट्या कच्च्या चित्रात, सावलीच्या आकारात लगेच दोन दारं आणि एक पाटी आली. मी म्हटलं, पेन्सिल आडवी धरा, टोकाने काढायचंच नाही. आडव्या शिशाने दार काढता येत नाही, फक्त सावली भरता येते. अशी थंबनेल्स बरीच केली आणि जी निवडली त्यात सावलीची कड रस्त्यावर तिरकी धावत जाऊन उजवीकडच्या हातगाडीपाशी संपते, बरोबर तिथे ती बाई. मनोरा फोटोतल्यापेक्षा साधारण दीडपट मोठा केला. यात फसवणूक वगैरे काही नाही, लेन्सने जे छोटं केलं ते परत जागेवर आणलं.

नव्या कॅनव्हासवर रेखांकन फारच थोडं केलं, पण एक गोष्ट अगदी काटेकोर, ती म्हणजे डोळ्यांची पातळी. सपाट रस्त्यावर आपण उभे असू तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी एकाच आडव्या रेषेवर येतात, जवळचा असो की लांबचा. लांबच्याची पावलं तेवढी वर सरकतात. जुन्या चित्रात लांबची माणसं लहान करताना डोकीही खाली उतरली होती म्हणून ती खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसत होती. ही एक रेषा पक्की असेल ना, तर माणसं कितीही ढोबळ काढा, गर्दी खरी वाटते.

कॅनव्हासला आधी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकरचा पातळ हात दिला. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवातीचा प्रत्येक रंग गडद वाटतो आणि मग माणूस घाबरून सगळंच फिकट लावत जातो. शिवाय वरच्या निळसर सावलीतून खालचा तांबूस रंग कुठे कुठे डोकावला की सावली जिवंत वाटते. पॅलेटवर अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, कॅडमियम रेड ह्यू आणि टायटॅनियम व्हाइट. काळी ट्यूब बंद. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून पाहिजे तेवढा गडद रंग होतो आणि तो निळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकवता येतो, जे ट्यूबमधल्या काळ्याला जमत नाही. रंग साधे, इथे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅमलचेच होते. इंपोर्टेड ट्यूब आणल्याने हे चित्र सुधारणार नव्हतं.

मग सावली. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावला, कारण चित्र इथेच ठरतं. दीड इंची फ्लॅट ब्रश, एकाच मिश्रणाचा मोठा ढीग, आणि डाव्या इमारतींच्या कौलापासून रस्त्यावरच्या सावलीच्या टोकापर्यंत ब्रश न उचलता जायचं, इमारत संपली रस्ता सुरू झाला याची दखलच घ्यायची नाही. काकूंचा हात प्रत्येक वेळी इमारतीच्या पायथ्याशी थांबायचा, सवय असते ती. मग त्या एका आकाराच्या आत रंग बदलायचे पण टोन तोच ठेवून. आणि हे बदल अंदाजपंचे नाहीत, त्याला कारण आहे. सावलीतल्या भिंतीला समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून परतलेला पिवळसर उजेड मिळतो म्हणून ती थोडी उबदार, आणि रस्त्यावरच्या सावलीला वरच्या आकाशाचा उजेड मिळतो म्हणून ती निळी. एकदा हे कळलं की सावली म्हणजे काळं असं परत कधी वाटत नाही. दहा पायऱ्यांची टोनपट्टी धरली, एक म्हणजे काळा आणि दहा म्हणजे पांढरा, तर सावलीत दोन ते चार एवढंच चालेल आणि उन्हात सहा आणि त्याच्या वरचं, पाच नंबर कुणालाच नाही. हा मधला रिकामा नंबर म्हणजेच चित्रातलं ऊन, मला तरी असंच वाटतं.

अ‍ॅक्रिलिकचा इथे एक त्रास असतो. ओल्या रंगातलं बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग, दुधट असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, त्यामुळे रंग वाळल्यावर थोडा गडद होतो. उन्हाची बाजू ओली असताना बरोबर वाटली तर वाळल्यावर मळकट दिसते. म्हणून प्रत्येक मोठ्या मिश्रणाचा ठिपका कागदावर लावून हेअर ड्रायरने वाळवून बघायचा आणि मगच कॅनव्हासला हात लावायचा. दुसरा त्रास पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्याचा, पॅलेटवरचा रंग बघता बघता साल धरतो. पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, झाकण असलं तर उत्तम. आणि रंग पातळ करायला नुसतं पाणी ओतत राहायचं नाही, फार पाणी झालं की बाइंडर विरळ होतो आणि थर कच्चा राहतो, त्यापेक्षा मीडियम घाला, म्हणजे अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळायचं बिनरंगाचं बाइंडर.

उन्हाची बाजू उलट्या पद्धतीने केली. सावली पातळ, ऊन जाड. पांढरा, ऑकर आणि कणभर लाल, पॅलेट नाइफने थापून, उजवीकडच्या भिंतीवर दोन-तीन मोठ्या पट्ट्या. खिडक्या काढल्या नाहीत, थापताना मध्ये मध्ये खालचा तांबूस रंग सुटला त्याच्याच खिडक्या झाल्या.

आता वाद. काकूंचं म्हणणं, "मग हे पुणं आहे हे कळणार कसं? असं तर सांगली पण असेल." रास्त प्रश्न आहे आणि मी तो टाळला नाही. पाट्यांवरची दुकानांची नावं वाचता आली तर पुणं कळेल असं त्यांना वाटत होतं, पण वाचता येणारं अक्षर चित्रात आलं की डोळा आधी ते वाचतो, मग भाजी निवडणारी बाई कितीही सुंदर काढा. आपल्या लिपीची एक सोय आहे जी रोमन पाटीला नाही : शिरोरेखा. गडद लाल किंवा निळ्या चौकोनावर फिकट रंगाची एकच आडवी रेघ, तिच्या खाली तीन-चार उभे तुटक टिपके, झाली मराठी पाटी. कुणालाही वाचता येत नाही आणि मराठी आहे हे सगळ्यांना कळतं. काकूंनी हे कागदावर करून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला की बस. मग रिक्षा, काळा ठोकळा, वर पिवळी पट्टी, खाली त्याहून गडद सावली, चाकं नाहीत. आणि मनोरा.

मनोऱ्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला ती इमारत आवडते. १८८६ साली सुरू झालेली, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट, आणि गंमत म्हणजे ज्या जोतिराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. अष्टकोनी मनोरा, गॉथिक धाटणी, आणि बाहेरचा आकार इतका वेगळा की नुसती कडा दिसली तरी पुणेकर ओळखतो. म्हणजे आत काही काढायची गरजच नाही. सगळी काळजी बाह्यरेषेची, वरच्या टोकाचा उतार बरोबर पाहिजे, खालचा भाग गर्दीच्या धुळीत हरवला तरी चालेल, हरवलाच पाहिजे. रंग निळसर-जांभळट आणि फिकट, लांब आहे म्हणून. जुन्या चित्रात मनोऱ्याची प्रत्येक कमान होती आणि मनोरा ओळखू येत नव्हता, कारण फोटोवरून घेतल्यामुळे तो बुटका झाला होता.

माणसांना फार वेळ लागला नाही. वर रुंद खाली निमुळता असा गाजराचा आकार, वर छोटं डोकं, पाय नाहीत. डोकं छोटं हे महत्त्वाचं, उभ्या माणसाच्या उंचीत डोकं साधारण सात-साडेसात वेळा बसतं आणि शिकणारे सगळे ते दुप्पट करतात, मग रस्ताभर लहान मुलं फिरताना दिसतात. सावलीतली माणसं सावलीच्याच रंगाने, किंचित गडद, दोन-तीन एकमेकांना चिकटलेली. फक्त ती बाई नीट काढली. शुद्ध कॅडमियम रेड चित्रात आला तो फक्त तिच्या साडीला, उन्हातल्या अर्ध्या भागात, सावलीतला अर्धा भाग त्याच लाल रंगात अल्ट्रामरीन घालून. बाकीचे सगळे लाल दाबले, टोमॅटोसुद्धा. हातगाडीवरची निळी ताडपत्री काकूंनी फार चमकदार केली होती, तीही राखाडी घालून मागे ढकलली. वायरी फोटोत जाळं विणल्यासारख्या होत्या, ठेवल्या दोन, लांब केसांच्या बारीक रिगर ब्रशने, मध्ये मध्ये तुटलेल्या.

सावलीची कड मात्र सगळीकडे सारखी धारदार नको. बाईच्या पायाशी ती सुरीसारखी, आणि जसजशी चित्राबाहेर जाते तशी मऊ. तैलरंगात हे बोटाने सुद्धा होतं, अ‍ॅक्रिलिक तोवर वाळलेला असतो, म्हणून तिथे कोरड्या ब्रशवर अगदी थोडा रंग घेऊन घासत नेलं.

हेच चित्र तैलरंगात केलं असतं तर? कडा सोप्या गेल्या असत्या, सावली-ऊन शेजारी ठेवणं अवघड, कारण ओल्या गडदावर ओला फिकट लावला की चिखल होतो. तिथे ऊन लावताना ब्रश दर फटक्याला पुसायचा आणि एकदा ठेवलेला फटका परत हलवायचा नाही. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे तेलकट, हा क्रम उलटला तर पुढे तडे जातात. अ‍ॅक्रिलिकवर वरून तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक नाही.

काकूंना मधल्या काळात मी दोन चित्रकार बघायला सांगितले. एक फ्रान्समधले इम्प्रेशनिस्ट चित्रकार कामीय पिसारो, १८९७ साली डोळ्यांच्या जुन्या दुखण्यामुळे बाहेर बसून काम करता येईना म्हणून पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकीतून बुलेव्हार मोंमार्त्र या एकाच रस्त्याची १४ चित्रं केली, तैलरंगात, सकाळ, धुकं, पाऊस, रात्र. माणसं म्हणजे एकेक टिपका, पण ऊन बदललं की रस्ता बदलतो हे त्यांत फार लख्ख कळतं. आणि दुसरे आपल्या जवळचे, सय्यद हैदर रझा. ज्यासाठी ते ओळखले जातात ती बिंदूची चित्रं वगैरे खूप नंतरचं, चाळीसच्या दशकात मुंबईत असताना त्यांनी रस्त्यांची चित्रं केली, जलरंग आणि गुवाशमध्ये (म्हणजे अपारदर्शक जलरंगात), त्यांत इमारती आणि माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की गजबज जाणवते पण मोजता काही येत नाही. १९४७ च्या, मुंबईतल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले रझा बघायचे तर इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

शेवटी चित्र कसं झालं? ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तेव्हा ऊन दिसत होतं. दहा फुटांवरून आधी लाल ठिपका, मग सावलीची कड, मग मनोरा, नजर याच क्रमाने जाते. उणीव आहे, डावा खालचा कोपरा मोठा आणि मुका वाटतो, काकू तिथे सायकल घालू म्हणत होत्या, मी थांबवलं, सावलीतच किंचित उबदार रंगाचे दोन आडवे फटके मारून काम भागवलं, पूर्ण भागलं नाही.

आता त्यांना तोच रस्ता पावसाळ्यात करायचाय, तैलरंगात. आणि पावसात मोठी अडचण ही की सावलीच नसते, मग जोडायचं काय? ओला रस्ता आकाशाचा उजेड परत फेकतो म्हणजे तो चित्रातला सगळ्यात उजळ भाग होऊ शकतो, आणि गडद आकार आता आडवा न पसरता उभा जातो, छत्री, माणूस आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एक. थंबनेल्स त्यांनी केली आहेत. मला वाटतं मनोरा डावीकडे सरकवून त्याचं प्रतिबिंब मोकळ्या रस्त्यावर उतरू द्यावं, काकूंना तो मधोमधच हवाय, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.